मुकोंबेरोची मुळी

सुज्ञ वाचकहो, आफ्रिका खंडातील एका वनवेलीने माझ्या परसात येऊन माझ्या बुद्धीचे जे माप काढले, त्याचा यथातथ्य वृत्तान्त मी, नववी अनुत्तीर्ण शेतकरी, आज आपणांपुढे सादर करीत आहे.

इकडे हिंदी मुलखात, आनंद नगरच्या पुढे, रायसेन रस्त्याच्या आत आमची दोन एकर काळी जमीन आहे. पुतण्या आशय केनियात विजेच्या कामावर होता. परतताना त्याने मुकोंबेरो नामक वेलीचे बी आणले.

"काकाजी, तिकडचे लोक हिची मुळी चघळतात. भूक खुलते, अन् म्हाताऱ्यालेबी जवानी चढते."

मी उत्तरार्ध तेवढा ऐकला. पत्नी कांचन हिचा फळता तोंडल्याचा मांडव उपटून तेथे वेल चढवली. तिला कारण सांगितले, "संशोधन."

यंदा भादव्यात कांचनला टायफाईड झाला. ताप उतरला, परंतु तोंडाची चव गेली. घास घोळवून ती ताट सारी. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "खाना खिलाओ, वरना फिर भर्ती करना पड़ेगा." तेव्हा मला आशयच्या वाक्याचा पूर्वार्ध आठवला.

चिकट मातीत गुडघाभर खणू लागलो. कुंपणावरून शेजारी दत्तात्रय ओरडला, "काऊन गोपीनाथभाऊ, धन गाडलं होतं का?"

"तुमच्या वहिनीसाठी औषध आहे."

"मंग पहिले तुमीच खाऊन पाहा. बाईमाणसावर परयोग नोका करू!"

सल्ला रास्त वाटला. मुळी धुतली, साल सोलून ताटलीत टाकली आणि आतला दांडा कांचनसमोर गंभीरपणे चघळू लागलो.

"अजी, हे त कुदळीचा दांडा खाल्ल्यावानी दिसते!"

मी उत्तर देण्यासाठी तोंडातला दांडा ओढला, तो त्यासोबत माझी कवळीही बाहेर आली. आशयला फोन लावला. तो ओरडला, "काकाजी, साल खायची असते! लाकूड फेकून देतात!"

कांचन हसू लागली. खाट करकरली, डोळ्यांतून पाणी आले. हसता हसताच तिने ताटलीतली साल उचलून तोंडात टाकली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "भाकर हाये का? ठेचाबी आणा."

तिने सबंध भाकर खाल्ली.

"पाहा, मुळीचा गुण!" मी म्हणालो.

"मुळी-बिळी काई नाई जी. तुमाले पाहून हासले, हासून भूक लागली." मग ताट पुसत विचारले, "उद्या बी चघळसान का?"

तेव्हापासून पंधरा दिवस, तिचे ताट वाढले की मी समोर बसून लाकूड चघळत असे. जवानी आली नाही. पत्नी मात्र दोन भाकरींवर आली.

वाचनाचे कष्ट घेतल्याबद्दल आपला ऋणी,
गोपीनाथ ठवकर