व्हाल-सू-क्रेचा धोबीघाट

"दगड मांडायचाच तर माझ्या छातीवर मांडा, डाक्टर. मेथीवर न्हाई!"

सुमनताई खुरपे रोवून वाफ्यात उभ्या होत्या. समोर डॉ. रघुवीर होते. ब्रिस्टलच्या इस्पितळात त्यांनी जन्मभर लोकांचे गुडघे बदलले होते आणि निवृत्तीनंतर ते लोअर कोंबली या आमच्या इंग्लंडमधल्या खेड्याच्या जुळे-गाव समितीचे अध्यक्ष झाले होते. फ्रान्समधले व्हाल-सू-क्रे हे आमचे जुळे गाव, म्हणजे मैत्रीचा करार झालेले. दोन्ही गावे चुनखडीच्या टेकडीच्या पायथ्याशी, दोन्हीकडे बारमाही झरा. तिकडे झऱ्यावर दगडी कुंड आणि कौलारू धोबीघाट. पिढ्यानपिढ्या बायका तिथे गुडघ्यांवर बसून धुणी बडवत. भूगोलाचा प्राध्यापक म्हणून त्या गावाची पुस्तिका मीच लिहिली. ती वाचून समितीला तस्साच घाट हवासा झाला. आमचा झरा मात्र सुमनताईंनी कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या वाफ्यातून वाहत होता. चिकट, थंड मातीत राख-पाला कालवून त्यांनी तिथे मेथी पिकवली होती. थोर वारशाच्या वाटेत एवढीशी भाजी आडवी आली होती.

"सुमनताई, धिस इज हेरिटेज! कौन्सिल तुम्हाला मोटरवेजवळ दुसरा प्लॉट देईल. आणि ओपनिंगला तुम्हीच धुणं बडवायचं, नऊवारी नेसून. सो ऑथेंटिक!"

"माझ्या मायचं गुडघं नदीच्या दगडावर गेलं. तवा कुनी फोटू काढाया आलं न्हाई."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. वारशावर प्रेम करणाऱ्यांना तो वाहणाऱ्यांशी बोलायला सवड नसते.

पायाभरणीच्या रविवारी पावसाची भुरभुर होती. व्हाल-सू-क्रेच्या महापौर ओदीलबाई रबरी बूट घालून आल्या. भेट म्हणून त्यांनी एक लाकडी पेटी आणली होती. आत पेंढा भरायचा, त्यात गुडघे टेकायचे आणि पाण्यावर ओणवे व्हायचे. पेटी त्यांच्या आईची. दुभाषा मी.

"फॅब्युलस! सुमनताई, बसा ना," डॉक्टर कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाले.

"घाट तुमचा, बसा तुमीच." सुमनताईंनी थंडीसाठी मेथीवर घातलेली जुनी चादर ओढून त्यांच्या हाती दिली. "ही धुवा. सवच्छ निघाली, तर वाफा तुमचा."

सारे गाव पाहत होते. डॉक्टर हसतहसत पेटीत बसले. ओली चादर मेलेल्या म्हशीसारखी जड झाली. दोनदा आपटली, तिसऱ्यांदा हात अर्ध्यावरच थांबले. फोटो छान आला. मग डॉक्टर उठू लागले, पण गुडघे उठेनात.

"सुमनताई… अहो, जरा हात द्या."

"येवढ्यात? चादरीची दुसरी बाजू ऱ्हायली की!"

अखेर एका काखेत सुमनताई, दुसऱ्या काखेत महापौरबाई, असा आमचा अध्यक्ष उचलला गेला. ओदीलबाई फ्रेंचमध्ये काही पुटपुटल्या.

"काय म्हणत्यात?" सुमनताईंनी विचारले.

"गावात धुलाईयंत्र आलं त्या दिवशी त्यांच्या आईनं या पेटीत अंड्यांवर कोंबडी बसवली."

"शानी बाई!"

समितीने ठराव केला की इथला भूगोल घाटास अनुकूल नाही. भूगोलाचा असा उपयोग मला ठाऊक नव्हता.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर काठी टेकत वाफ्याशी आले. "सुमनताई, मेथीची एक जुडी मिळेल?"

"न्या की हवी तेवढी," त्या म्हणाल्या. "पन वाकून उपटायची ज्याची त्यानं."