उजव्या बाजूची बोट

"तपासणीचा माणूस यायचा म्हटलं की मावशींचा दुधाचा हात सैल सुटतो," थोरला मिस्त्री कपात डोकावत पुटपुटला. "एरवी आम्ही भांडं विसळलेलं पाणी पितो."

मावशींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या या जहाजावर त्या स्वयंपाक करत, आणि मिस्त्री कुरकुर करी. दोन्ही कामं वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली होती. आज मात्र कुरकुरीतही जीव नव्हता. तपासणीत पास झालं तर पुढचं काम. नाहीतर जहाज धक्क्याला आणि माणसं घरी.

तपासणी सगळीकडे एकसारखी. जहाज कुणाचंही असो, प्रश्न तेच, क्रम तोच. त्यामुळे ती सगळ्यांना पाढ्यांसारखी पाठ होती. आणि म्हणूनच जहाज आदल्या दिवशी नेमकं उजवं अंग धक्क्याला लावून उभं राही. दोन्ही बाजूंना एकेक लाइफबोट. धक्क्याकडची खाली सोडली तर पाण्याऐवजी सिमेंटवर टेकायची, म्हणून तपासनीस डावी सोडायला लावी. डावी अलगद उतरे. उजवी ज्या दोन हुकांवर टांगलेली होती त्यातला पुढचा अडत होता. बोट पाण्यावर टेकली की दोन्ही हूक एकदम सुटायला हवेत. एकच सुटला तर आतल्या माणसांसकट ती एका टोकाला लोंबकळणार. कप्तानांनी मालकांना सांगून पाहिलं. मालक म्हणाले, हे काम हाती येऊ दे, मग बघू. त्यानंतर कुणी तो विषय काढेना. खरीच वेळ आली तर सगळ्यांनी डावीत शिरायचं, हे न बोलताच ठरून गेलं. दाटीवाटीनं मावू, असा आपला एक अंदाज.

माहीत नव्हतं ते फक्त मावशींच्या जावयाला.

तो नुकताच वायरमन म्हणून रुजू झाला होता. घरी बसून कोमेजलेला. मावशींनीच कप्तानांच्या मिनतवाऱ्या करून त्याला चिकटवलं होतं. जहाजभर त्याचं नाव जावईबापू पडलं. सासूबाईंच्या हाताला चव आहे का, आता खरं सांगा, म्हणून लोक त्याला छळत, आणि तो खरंच विचार करून उत्तर देई. हीच तर पंचाईत होती. कप्तान मावशींना बाजूला घेऊन म्हणाले होते, पोरगा सरळ आहे, विचारलं तर असेल ते सांगून मोकळा होईल. तपासणी होऊ दे, मग मीच सांगतो. मावशींनी मान हलवली होती. तेव्हापासून त्या जावयाच्या ताटात जरा जास्तच वाढत होत्या. फोनवर लेक म्हणाली, आई, त्यांच्याकडे लक्ष ठेव गं. इथे कसली आलीय भीती, असं म्हणून मावशींनी नातीच्या खोकल्याची चौकशी केली.

तपासनीस सडपातळ आणि फार सभ्य निघाला. फ्रिजमध्ये डोकावला, सुऱ्या कुठे ठेवता ते पाहिलं, चहा छान झालाय म्हणाला. मग धोक्याची घंटा वाजवायला सांगितली. आधी प्रत्येकानं आपापल्या नेमलेल्या बोटीपाशी उभं राहायचं, मग डावी सोडू.

घंटा झाली आणि पाय आपोआप वळले. मिस्त्री, खलाशांचा मुकादम सारंग, खलाशी, सगळे डावीकडे. ज्यांच्या बिछान्याशी 'उजवी' असं लिहिलं होतं तेही. मावशीही. आपण कुठे आलो हे त्यांना लाइफजॅकेटचा पट्टा बांधताना कळलं.

तपासनिसानं माणसं मोजली, मग तो पलीकडे जाऊन पाहून आला आणि कप्तानांकडे वळला. उजवीची माणसं कुठे, असं त्यानं शांतपणे विचारलं.

"सवय हो साहेब," सारंग म्हणाला. "दरवेळी सराव डावीचाच होतो ना."

तपासनिसानं नोंद केली. मोठी गोष्ट नाही म्हणाला, पुन्हा एकदा सराव घ्या. कप्तानांचे खांदे खाली आले. मिस्त्रीनं मावशींकडे पाहून डोळा मिचकावला. निभावलं होतं.

"एका माणसाला मात्र आपली जागा ठाऊक आहे," तपासनीस हसून म्हणाला आणि त्यानं जावयाला पुढे बोलावलं. उजवीपाशी तो एकटाच उभा होता. जॅकेट नीट बांधून, बोटीचं दार उघडून, बाकीच्यांची वाट बघत. लोक हसले. कुणी त्याची पाठ थोपटली. तो कानापर्यंत लाल झाला.

"आई, तुमचीही जागा तिकडेच आहे ना?" तो मावशींना हळूच म्हणाला. "मी तुमच्यासाठी आतली बैठक धरून ठेवली होती. तिथे कमी हेलकावे बसतील."

मावशी तपासनिसाकडे वळल्या.

"मावशी, चहाचं बघा जरा," कप्तान म्हणाले. आवाज मऊ होता, जवळजवळ विनवणीचा.

मावशी हलल्या नाहीत.

"त्या बोटीचा हूक सुटत नाही," मावशी म्हणाल्या. "आम्हा सगळ्यांना माहीत आहे. याला तेवढं कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही."