खिडकीतल्या खुणा

खिडकीतला हात डावीकडे हलला, तशी तिने लाल फडकं बांधलेला बांबू उपटून आणखी डावीकडे रोवला. हात पुन्हा हलला. डावीकडेच.

"अहो, आता काय तळ्यात नेऊन रोवू?" ती पुटपुटली.

लग्न झाल्यापासून हीच रीत. बागा आखायच्या नवऱ्याने, खिडकीतून खुणा करायच्या त्याने, आणि उन्हातान्हात बांबू घेऊन नाचायचं हिने. त्याचे दोन्ही हात वर गेले की जागा पक्की. या जुन्या हवेलीसमोरचं भलंमोठं झाड वादळात पडलं होतं. त्याच्या मुळांना कीड लागलेली, म्हणून नवं झाड जरा बाजूला लावायचं होतं. दिवाणखान्यातून तळं एकदम दिसू नये, झाडाआडून हळूच दिसावं, अशी मूळ आखणी. जागा चुकली तर पुढच्या कैक पिढ्यांसाठी विचका.

हात परत डावीकडे. आता मात्र ती चिडली. बांबू तिथेच सोडून हिरवळीवरून तरातरा हवेलीकडे निघाली, अगदी त्याच्या डोळ्यांसमोरून. हात हलतच होता. ती खिडकीखाली येऊन उभी राहिली. तो तिच्या डोक्यावरून लांब बघत होता.

तिने हात उंचावून हलवला; त्याची नजर जागची हलली नाही. महिनाभर त्याच्या हातून चहा कपाबाहेर सांडत होता, आणि तो उजेडाला नावं ठेवत होता.

चपला हातात घेऊन ती जिना चढली, त्याच्या मागे उभी राहिली. इतक्या वर्षांत इथून तिने कधी पाहिलंच नव्हतं. बांबू भलतीकडे, तळं उघडंबोडकं. ती तोंडावर हात दाबून रडली. मग जागा नीट डोळ्यांत साठवली, खाली गेली आणि बांबू बराच उजवीकडे रोवला.

बऱ्याच वेळाने त्याचे दोन्ही हात वर गेले.

"अगदी मनासारखी जागा साधलीत!" मालकीणबाई खिडकीत येऊन म्हणाल्या आणि खूश होऊन माळ्याला बोलवायला गेल्या.

ती जिना चढून वर आली. खिडकीपाशी दोघंच उरली.

"मघाशी मागे येऊन रडत होतीस," तो म्हणाला. "तुझी चाहूल मला कळत नाही होय?"

"मग हात कशाला हलवत बसलात?"

"तू चिडून वर यावीस म्हणून. इथून कसं दिसतं ते तुला एकदा बघायलाच हवं होतं."

त्याने चाचपत तिचा हात धरला.

"पुढच्या कामाला बांबू मी धरेन," तो म्हणाला. "तू खिडकीतून हाका मार."