बोरमाळच्या बाळांचा काटा

मित्रांनो, दवाखान्याच्या मागच्या खोलीत जरा डोकावून बघा. मोडक्या खाटेच्या वर, खुंटीला एक गोल तोंडाचा पितळी काटा लटकतोय ना? तोंडावर आकडे, मध्ये एक सुई, खाली लोखंडी आकडा. तोच मी. येणारे-जाणारे मला बंद पडलेलं घड्याळ समजतात आणि मान हलवून पुढं जातात. हसू येतं बुवा! मी कधी वेळ सांगितली नाही. मी तान्ह्या बाळांचं वजन सांगायचो, आणि खरं तेच सांगायचो.

माझ्या पोटातली स्प्रिंग बोटीनं आली, पण बाकीचा मी अस्सल जळगावचा. तोताराम तांबटानं माझं तोंड ठोकून-ठोकून गोल केलं. खालचा आकडा त्यानं इतका घासला की बाळाच्या अंगाला चुकूनही ओरखडा उठू नये. त्या आकड्याला कापडाची झोळी बांधायची, झोळीत बाळ ठेवायचं, की माझी सुई फिरलीच. काम साधं होतं, पण साधं म्हणून मी त्याला कधी कमी लेखलं नाही.

मला घडवून घेतलं मोतीलाल शेठनी. कापसाचे बडे व्यापारी. जळगावात त्यांचा जिन होता, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. दानधर्मात माणसाचा हात मोठा सढळ. त्यांच्या नावाच्या धर्मशाळा होत्या, विहिरी होत्या. पण त्यांच्या मुलीचं बाळ वर्षाचं व्हायच्या आत सुकत सुकत गेलं, आणि ते कशानं गेलं हे एकाही वैद्याला की डॉक्टरला सांगता येईना. शेठचं कशात मन लागेना. तेव्हा प्रमिलाबाई नावाच्या डॉक्टरीणबाई त्यांना भेटल्या. म्हणाल्या, "शेठजी, आता आणखी धर्मशाळा नको. मला एका प्रश्नाचं उत्तर शोधायला मदत करा. खेड्यातली बाळं पहिले काही महिने छान वाढतात, आणि मग एकाएकी का सुकतात? मी एका गावात जाऊन राहीन, दर आठवड्याला प्रत्येक बाळ तोलीन. बघू काय हाती लागतं."

प्रश्नासाठी देणगी! असलं काही तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. शेठच्या मुनिमानं तोंड वाकडं केलं. म्हणाला, "इमारत निदान दिसते तरी. प्रश्नावर तुमच्या नावाची पाटी लावायची कुठं?" शेठ म्हणाले, "नका लावू पाटी." संपला विषय. अशा माणसाच्या पैशातून मी घडलो, याचा मला आजही अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तर एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराला, बाईंच्या मांडीवर बसून, बैलगाडीचे हिसके खात मी पारोळ्याच्या बाजूच्या बोरमाळ गावी पोचलो. चावडीच्या ओसरीत तुळईला मला टांगलं. पहिले काही दिवस कुणी फिरकेना. जिवंत लेकरू कधी तोलतात का? नजर लागेल की! शेवटी सुंदरबाई नावाची एक खमकी म्हातारी पुढं आली. तिनं बोटावर काजळ घेतलं आणि बाळाला सोडून मलाच तीट लावली. "आते कोनी नजर लागाव नही," म्हणाली. त्या दिवसापासून बाया यायला लागल्या. माझ्या कपाळावर काजळ फासलेलं, पण मी ते मुकाट्यानं सोसलं.

सुंदरबाईची सून झुंबरबाई. हडकुळी, अबोल, डोळे मात्र टपोरे. तिची पहिली दोन बाळं गेली होती. म्हणून तिसऱ्याचं नाव तिनं निंबा ठेवलं. कडू नावाचं लेकरू मरणालाही गोड लागत नाही, असं त्या बायांचं म्हणणं. निंबा उन्हाळ्यात जन्मला आणि दिवाळीपर्यंत असा वाढला की माझी स्प्रिंग त्याच्या भारानं सुखावायची. झुंबरबाई सुईकडे बघून हसायची आणि लगेच पदर तोंडाला लावायची, कुणी पाहू नये म्हणून.

मग कापसाची वेचणी सुरू झाली, आणि मित्रांनो, गावातली बाळं वजनात उतरायला लागली. एक नाही, दोन नाही, जवळजवळ सगळीच. निंबा तर सगळ्यांत जास्त. प्रमिलाबाई कपाळाला हात लावून बसायच्या. घरात कापूस येतोय, हातात मजुरी येतेय, भाकरीला तोटा नाही, आणि बाळं मात्र सुकतायत! हे कसलं कोडं? त्यांनी प्रत्येकीला विचारलं, "बाळाला काही औषध देता का?" प्रत्येकीनं मान हलवली. "नही वं बाई. कसानं औषध?" बाईंनी पाणी तपासलं, दूध तपासलं, आयांचे डोळे-जिभा तपासल्या. काही म्हणजे काही सापडेना.

अशात शेठ स्वतः काम बघायला येणार असा निरोप आला. निधी पुढं चालू ठेवायचा की नाही, हे ते बघून ठरवणार होते. गावाचे पाटील होते अभिमन आबा. माणूस मनाचा मोठा, पण पाहुणा म्हटलं की त्यांची धांदल उडायची. पाहुण्याला कुणी फुटकी कपबशी देतं का? मग आपली हडकुळी पोरं शेठसमोर कशी ठेवायची? गावाची काय शोभा राहील? आबांनी डोकं लढवलं. दोन गाड्या जुंपल्या आणि सासरवाडीहून चांगली गुटगुटीत पोरं त्यांच्या आयांसकट आणवली! गावातल्या बायांना सांगितलं, आपापली लेकरं घरात ठेवा, आवाज बाहेर येऊ देऊ नका. डॉक्टरीणबाई शेठना आणायला पारोळ्याला गेल्या होत्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

बाईंना घेऊन शेठची मोटार आली. हारतुरे झाले, चहा झाला. आणि मग एकेक गुबगुबीत बाळ माझ्या झोळीत येऊ लागलं. आजूबाजूला नुसता कल्ला. प्रत्येक बाळ कोकलतंय, पाय झाडतंय. मी प्रत्येकाचं खरं वजन सांगत होतो आणि सगळा कारभार मात्र खोटा चालला होता. असा संताप आला म्हणून सांगू! पण काट्याला कोण विचारतं, की बाबा, हे बाळ कुणाचं?

शेठचा चेहरा फुलला. "वा! बाळं कशी राजस आहेत! बाई, या गावाला आपली गरज दिसत नाही. पुढचा निधी आपण पिंपळनेरकडे वळवू. तिकडच्या लोकांचे फार हाल आहेत म्हणतात."

शेठच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. जिथं गरज तिथं पैसा, एवढंच त्यांचं म्हणणं. पण प्रमिलाबाईंचा चेहरा पांढरा पडला. यातलं एकही बाळ त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. बोलावं, तर पाटलांना भर चावडीत खोटं पाडल्यासारखं होणार आणि उद्या गाव दारात उभं करणार नाही. न बोलावं, तर काम इथंच थांबणार आणि निंबासारखी बाळं डोळ्यांदेखत जाणार.

झुंबरबाईचं घर चावडीला लागूनच होतं. दाराआड उभी राहून ती सगळं ऐकत होती. बाई गेल्या, काटा गेला, की आपला निंबा त्या दोघांच्या वाटेनं जाणार, एवढं तिला लख्ख कळलं. आणि मित्रांनो, जी बाई कधी मान वर करून बोलली नव्हती, ती निंबाला पदरात घेऊन भर चावडीत आली.

"शेठ, जराक थांबा. त्या पोरे आमना गावना नहीत. हाऊ मना निंबा शे. याले तोला."

पाटील ओरडले, "झुंबर, घर जाय! गावनी अब्रू घालवस का?"

"आबा, अब्रू गई ते परत येई. मना दोन पोरे गयात, त्या येतीन का परत?"

पाटलांची मान खाली गेली. झुंबरबाईनं स्वतःच्या हातानं निंबाला झोळीत ठेवलं. माझी सुई हलली न हलल्यासारखी झाली. मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर त्या दिवशी मी रडलो असतो.

शेठ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "हा रडत कसा नाही? मघाची पोरं तर घर डोक्यावर घेत होती."

"गोळी दिधी ना, शेठ. पाहुना येनार, आवाज भायेर जावाले नको म्हनीसन."

"कसली गोळी?" प्रमिलाबाई ताडकन उठल्या.

"बाळगोळी. अफूनी. बठ्ठ्या बाया देतस. कापूस येचाले जातस तव्हय पोरे झोपेल राहतस."

"अगं, पण मी विचारलं होतं ना, औषध देता का म्हणून?"

झुंबरबाई खरोखरच चकित झाली. "ते काय औषध शे का, बाई? ते तं नेहमीनं शे."

बघा! कुणी खोटं बोललं नव्हतं. दारातल्या उंबऱ्याला कुणी सामान म्हणतं का? तशी ती गोळी. बाया दिवस उगवताच शेतात जायच्या, बाळ अफूच्या गुंगीत पडून राहायचं. त्याला भूक लागायची नाही, ते रडायचं नाही, दूध मागायचं नाही, आणि झोपल्या झोपल्या सुकायचं. इतके महिने जे सापडत नव्हतं, ते एका आईच्या धाडसानं घटकाभरात उघडं पडलं.

शेठ ओसरीच्या कडेला मटकन बसले. मग हळूच म्हणाले, "आमच्याकडेही बाळाला सांभाळायला आया होती. बाळ किती शांत आहे म्हणून आम्ही सगळे तिचं कौतुक करायचो." मग ते प्रमिलाबाईंकडे वळले. "आणि बाई, हा कापूस शेवटी माझ्याच जिनात येतो."

अभिमन आबा हात जोडून पुढं आले. "चुकनं, शेठ. पाहुनाले चांगलं तेच दखाडतस आमी."

शेठनी डोळे पुसले. "पाटील, यापुढं मी पाहुणा म्हणून येणार नाही. या पोरांचा आजा म्हणून येईन. आज्याला सगळं दाखवायचं असतं." आणि निधी थांबला नाही. उलट वाढला. शेताच्या बांधावर मांडव उभा राहिला, त्यात पाळणे टांगले गेले, आणि पाळण्यांची राखण करायला कोण, तर तीट लावणारी सुंदरबाई! गोळी तिनंच सुनेला द्यायला लावली होती. आता कुणाच्या कनवटीला गोळी दिसली तर ती अशी कडाडायची की ती आई हातातली गोळी बांधापल्याड भिरकावून द्यायची.

पण निंबाचं काय? अफू एकदम तोडता येत नाही, बाळाचे हाल होतात. बाई ती रोज कणाकणानं कमी करत गेल्या. निंबा थरथरायचा, अंग टाकायचा, दूध ओकायचा. झुंबरबाईनं वेचणी सोडली आणि त्याला छातीशी धरून बसून राहिली. दर बाजाराच्या दिवशी ती त्याला माझ्याकडे आणायची. सुई तिथंच. पुढच्या बाजारालाही तिथंच. ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी मनात आणलं तर पुढं सरकेन. मीही जीव तोडून वाट बघत होतो, पण खोटं कसं सांगू?

मग एका बाजाराच्या दिवशी तिनं त्याला झोळीत ठेवलं मात्र, निंबानं भोकाड पसरलं! लाथा काय झाडल्या, मुठी काय आपटल्या! माझी सुई अशी नाचायला लागली की प्रमिलाबाईंना वजन वाचताच येईना. "अगं, धर त्याला जरा," त्या हसत हसत म्हणाल्या. झुंबरबाई कुठली धरते! ती झोळीला धरून ओक्साबोक्शी रडत होती आणि म्हणत होती, "रड, मना राजा, रड. जोरमा रड."

त्या दिवशी मी वजन सांगितलं नाही, आणि ते कुणी विचारलंही नाही.

पुढं मी पुष्कळ गावं फिरलो. पार पिंपळनेरपर्यंत गेलो, धुळ्याला डॉक्टरांच्या सभेत टेबलावर मांडला गेलो. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी दवाखान्यात नवा काटा आला आणि मला या खुंटीवर टांगलं. माझी स्प्रिंग गंजली आहे. वर्षातून एकदा तिच्यावर तेलाचं बोट फिरवलंत तर बरं वाटेल, पण नाही फिरवलंत तरी माझी तक्रार नाही.

मागणं आहे ते दुसरंच. मित्रांनो, पाहुणे येणार म्हणून एखादं अशक्त लेकरू आतल्या खोलीत दडवलेलं दिसलं, तर तुम्ही त्याच्या आईजवळ जा. तिला म्हणा, त्याला घेऊन बाहेर या. लाज वाटायचीच असेल, तर ती आम्हा बघणाऱ्यांना वाटू दे.