मला भार द्या

मी मांडीचं हाड बोलतोय. दचकू नका. सात वर्षांच्या एका मुलीच्या उजव्या पायात मी आहे आणि चांगला जिवंत आहे. हाड म्हटलं की लोकांना कुत्रंच आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

घरात तिला बेडकी म्हणतात. पलंगावरून, पायरीवरून, जिथून नको म्हणाल तिथून हमखास उडी. त्या उड्यांनीच मी घडलो.

मग माझ्या पोकळीतला, रक्त तयार करणारा मगज आजारी पडला. डॉक्टरांनी जालीम औषधांनी तो पार पुसून टाकला आणि तिच्या दादाचा थोडा मगज काढून नळीतून तिच्या रक्तात सोडला. तो वाट शोधत माझ्यापर्यंत आला. "दादा राहायला आलाय हं तुझ्यात," आई तिच्या कानात म्हणाली. मला भरून आलं.

पाहुणा रुजला, पण औषधांनी आणि पडून राहण्यानं मी ठिसूळ झालो. "हाडं नाजूक झालीत, सांभाळा," असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी तेवढंच ऐकलं. घरी आल्यावर त्यांनी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. खिडकीपाशी जायचंय? बाबांच्या कडेवर. पाणी प्यायचंय? तरी कडेवर. मी हवेत लोंबकळत स्वप्नं बघायचो. स्वप्नात नेहमी जमीन यायची, गार आणि टणक. जाग आली की मी आणखी थोडा विरळ झालेला असायचो. बाबांच्या मायेचा मला राग यायचा, आणि त्या रागाची लाजही वाटायची.

एकदा व्यायाम शिकवणाऱ्या ताई घरी आल्या. बाबांनी दार उघडलं तेही तिला कडेवर घेऊनच.

"अहो, खाली ठेवा की तिला."

"आणि मोडलं म्हणजे?"

"असं उचलून उचलूनच मोडेल. दूध द्या, गोळ्या द्या, पण हाडाला भारही लागतो. उड्या नकोत एवढ्यात. नुसतं उभं राहू दे, मी आहे."

अगदी माझ्या मनातलं बोलल्या. तरी बाबांचे हात सुटेनात. शेवटी बेडकीच म्हणाली, "बाबा, घाबरू नका ना. दादा आहे आत."

बाबांनी तिला हळूच सोडलं. टाच टेकली. तिचा सगळा भार, तो असा होता तरी किती, माझ्यावर आला. मी कळवळलो, थरथरलो आणि उभा राहिलो.

अजून मी कच्चाच आहे. रोज भिंतीला धरून थोडं चालणं होतं. बाबा मागून हात पसरून येतात, पण शिवत नाहीत. आईबापांनो, एवढंच करा. हात जवळ असू द्या, पण मला माझं काम करू द्या.

काल पलंगाच्या कडेला बसून तिनं खाली जमिनीकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. इतक्यात नाही, बेडके. पण मी तयारीला लागलोय.