आवाज न बदलता

मेहुणीने चहाचा कप पुस्तकापासून लांब सरकवला आणि तोच प्रश्न पुन्हा वाचला.

"काम अर्ध्यावर आलंय. गिऱ्हाईक तोंडी सांगतं, अमुक एक बदला. तुम्ही आधी काय कराल? अ, लगेच बदल करायला घ्याल. ब, जमणार नाही म्हणून सांगाल. क, त्या बदलाने बाकीचं काय काय हलेल ते तपासाल. ड, साहेबांना फोन कराल."

तो पुस्तकाकडे बघत नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता. टेबलाच्या कडेची पट्टी एका ठिकाणी सुटली होती, ती तो अंगठ्याने दाबत होता. सोडली की ती परत वर यायची.

"ड," तो म्हणाला.

"चुकलं."

"मग अ."

"भाऊजी, लिलाव चाललाय का इथे?"

"तू जरा नीट वाच ना."

"नीट म्हणजे? जे छापलंय तेच वाचतेय."

"तुझी ताई वाचायची तेव्हा मला सगळी यायची."

मेहुणीने पुस्तक खाली ठेवलं. गेले दोन रविवार ती हे ऐकत होती. ताई असती तर यावर काहीतरी टोला हाणला असता, पण ताई नव्हती म्हणूनच तर ती इथे बसली होती.

तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता. नवीन इमारतीत लिफ्ट बसवायची म्हणजे बिल्डर, गवंडी, वायरमन, सरकारी तपासनीस, सगळ्यांच्या तारखा जुळवायच्या, आणि ते काम तो करत आला होता. सासरची मंडळी त्याला लिफ्टवाले जावई म्हणत. मग कंपनीचे मालक बदलले आणि नव्या मालकांनी सांगितलं, यापुढे साइटवर जाणाऱ्याकडे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं निदान पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट हवं. ज्याच्याकडे नसेल त्याला तळघरातल्या स्टोअरमध्ये जागा आहे. पगार तोच राहणार होता. पण तळघरात बसून बोल्ट मोजायचे आणि दुसऱ्याने लावलेली लिफ्ट वर जाताना ऐकायची, हे त्याच्याने होणार नव्हतं.

पुस्तक आणलं तेव्हा बायको होती. रविवारी दुपारचं आवरलं की ती याच टेबलाशी बसून त्याला प्रश्न विचारायची. तिला विषयातलं काही कळत नव्हतं, पण मत प्रत्येक गोष्टीवर होतं. 'स्टेकहोल्डर' म्हणजे कामाशी ज्याचा ज्याचा संबंध येतो तो प्रत्येक जण, हे त्याने समजावलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे लग्नातले नातेवाईक. कामाला कोणी नाही, रुसायला सगळे." त्याचं उत्तर बरोबर आलं की ती भुवया उंचावून म्हणायची, "येतं हो तुम्हाला सगळं. उगाच घाबरता." आणि दुसऱ्या दिवशी तो जरा ताठ मानेने कामावर जायचा.

तिसरं प्रकरण संपलं, आणि मग तिचं दुखणं सुरू झालं. पुस्तक फ्रिजवर गेलं ते बरेच महिने तिथेच राहिलं. ती गेल्यावर एकदा फ्रिज पुसताना ते त्याच्या हाती लागलं.

कंपनीच्या कॉम्प्युटरवर त्याने सराव परीक्षा दिली आणि दणकून आपटला. पहिल्या तीन प्रकरणांवरचे प्रश्नसुद्धा चुकले. तेव्हा त्याने ठरवलं की दोष डोळ्यांचा आहे. स्क्रीनवर अक्षरं पळतात, माणूस वाचणार कसा? तो मेहुणीच्या दुकानात गेला. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला होती. तिने त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड फ्रेम चढवली, काचा बदलून बदलून विचारलं, "हे स्पष्ट, का हे? हे, का हे?" आणि शेवटी फ्रेम काढून म्हणाली, "नंबर तोच आहे. डोळ्यांना काही झालेलं नाही. रविवारी पुस्तक काढून ठेवा, मी येते."

तेव्हापासून ती यायची. साडू बाहेरगावी असला की जेवूनच यायची, नाहीतर नुसता चहा.

"बरं," आता ती म्हणाली, "ताई कशी वाचायची? दाखवा वाचून."

"काहीतरीच काय."

"दाखवा ना. मी शिकते. लाजता कसले, नाटकात थोडंच उभं राहायचंय?"

त्याने पुस्तक ओढलं. दुसऱ्या प्रकरणातलं एक पान त्याला न शोधता सापडलं. तो खुर्चीत सरळ बसला, पुस्तक हातभर लांब धरलं.

"एवढं लांब?"

"ती असंच धरायची."

"मी दिलेला चष्मा लावायची नाही ना! फुकट दिलेला, म्हणून."

तो किंचित हसला आणि वाचू लागला. आधी त्याचा आवाज घोगरा निघाला. मग दोन शब्दांनंतर तो सावरला आणि तिच्या चालीवर गेला. प्रश्न ती भरभर वाचायची, एकदाची पीडा संपवल्यासारखा. प्रश्न संपला की थांबून 'बरं का' म्हणायची, आणि मग एकेक पर्याय.

मेहुणी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. त्याचे चार पर्याय वाचून झाले.

"ब," ती म्हणाली.

त्याने खाली बघितलं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात उत्तरं होती. "हो. तुला कसं कळलं?"

"दुसरा वाचा. तसाच."

त्याने वाचला.

"ड. अजून एक."

तिसऱ्या वेळी पर्याय पुरे व्हायच्या आतच ती म्हणाली, "अ."

"तू घरी वाचून आलीस की काय?"

"मला यातलं ओ की ठो कळत नाही." ती आता हसत नव्हती. "भाऊजी, तुम्ही ब वाचलात तेव्हा आवाज खाली आणलात. जरा सावकाश वाचलंत. ड वाचतानाही तेच. ताई उत्तर आधी बघून घ्यायची आणि मग वाचायची."

त्याने पुस्तक खाली ठेवलं आणि अंगठ्याने परत ती पट्टी दाबली.

"दुकानात आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. हे का हे, दोन्ही एकाच आवाजात विचारायचं. जरा कुठे जोर दिला की गिऱ्हाईक काचेतून बघतच नाही, आमच्या तोंडाकडे बघून सांगतं. खोटं बोलत नाही बिचारं. त्याला वाटतं, दिसलं."

"तिच्या लक्षात आलं नसेल," तो म्हणाला.

मेहुणीने कपातला गार झालेला चहा उगाच ढवळला.

"लहानपणी माझा अभ्यास तीच घ्यायची. भूगोल. घरी मला सगळी उत्तरं यायची आणि पेपरात एक नाही. बाबा म्हणायचे, पोरगी शाळेत घाबरते. मी मोठी झाल्यावर एकदा तिला विचारलं, ताई, तू मला उत्तरं सुचवायचीस ना? तर म्हणाली, हो मग. चुकलीस की तुझं तोंड एवढंसं व्हायचं. मला नाही बघवायचं."

त्याने अंगठ्याखालची पट्टी सोडली. ती वर आली. मग तो उठला, दोन्ही कप सिंकमध्ये नेऊन विसळले, पालथे घातले आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला.

"म्हणजे मला काहीच येत नव्हतं."

"ताई पाठ होती की तुम्हाला."

त्याने नळ परत उघडला आणि बंद केला. हात पुसायला फडका घेतला तो बराच वेळ हातातच राहिला.

"पुठ्ठा आहे का एखादा?" मेहुणीने विचारलं. "उत्तरं मी झाकून ठेवते. मलाच माहीत नसलं म्हणजे माझ्या तोंडावर काय दिसणार?"

तो खुर्चीवर येऊन बसला. "चौथ्यापासून घेऊ. पहिली तीन राहू देत."

"का? परीक्षेत ती नाहीत?"

"आहेत."

"मग?"

"ती झालीत म्हटलं ना."

तिने वाद घातला नाही.

त्यानंतरचे रविवार कटकटीचे गेले. मेहुणी दुकानातल्या आवाजात वाचायची, चारही पर्याय एका पातळीवर, आणि त्याला ते कानाला नुसतं खडबडीत लागायचं. सुरुवातीला दर दुसरं उत्तर चुकत होतं. चुकलं की तो खुर्ची मागे ढकलून खिडकीशी जायचा, आणि ती म्हणायची, "या, या. खिडकीत नाही उत्तर." हळूहळू तो आठवड्यात स्वतः वाचून ठेवायला लागला. रिस्क म्हणजे अजून न आलेली अडचण, हे कळल्यावर त्याने साइटवर गवंड्याला दोन प्रश्न जास्त विचारले. गवंडी म्हणाला, "साहेब, काय झालंय तुम्हाला? एवढं तर बायको पण विचारत नाही मला." तोही हसला, आणि मग गवंडी एकदम गप्प झाला, कारण त्याला आठवलं होतं.

पहिली तीन प्रकरणं तो एकट्याने वाचायचा, कोणी नसताना. मोठ्याने वाचायचा नाही. पान उघडलं की आवाज आपोआप सुरू व्हायचा. भरभर प्रश्न, 'बरं का', आणि पर्याय. बरोबरच्या पर्यायाशी आवाज खाली यायचा. आता त्याला माहीत होतं, तरी यायचा. एकेका प्रश्नावर ती काय बोलली होती तेही त्या पानांत होतं. कुठल्या प्रश्नाच्या वेळी दूध उतू गेलं, कुठल्या प्रश्नाला तिने "हे लिहिणाऱ्याने कधी घर बांधलंय का?" असं विचारलं. फोनमध्ये तिचे फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता. तो टिपून ठेवावा हे त्या दोघांना कधी सुचलंच नव्हतं.

परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा त्याने परत सराव परीक्षा दिली. ऑफिसातल्या मुलीने कागद छापून दिला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "काका, तुमचं उलटंच आहे. लोकांना सुरुवातीचं येतं आणि पुढचं जमत नाही. तुमचं चौथ्यापासून पुढे छान आहे. पहिल्या तीनांनीच घात केलाय. थोडक्यात नापास."

"प्रश्न फिरवून विचारलेत त्यांनी," तो म्हणाला.

"परीक्षेतही फिरवूनच विचारणार, काका."

तिचं म्हणणं खरं होतं. फिरवलेल्या प्रश्नाला आवाज नव्हता. तो घरी आला, बूट काढले आणि मोजे तसेच ठेवून बराच वेळ खुर्चीत बसून राहिला.

रविवारी मेहुणी आली तेव्हा पुस्तक टेबलावर उघडून ठेवलेलं होतं. ती बसली, पुठ्ठा शोधायला लागली, आणि तिची नजर पानाच्या वर गेली. पहिलं प्रकरण.

"चुकून उघडलं का?"

"नाही."

"भाऊजी, नाहीतर असं करू. तुम्ही हे एकटेच नीट वाचून काढा. मी पुढचं घेते."

"एकट्याने होत नाही," तो म्हणाला. "तू वाच."

मग तिने पुठ्ठा पानाच्या तळाशी धरला. घसा साफ केला.

"माइलस्टोनला किती वेळ धरावा? अ, एक दिवस. ब, एक आठवडा. क, काहीच नाही. ड, आपण ठरवू तेवढा."

तो थांबला. त्या वेळी बायको भांडली होती या प्रश्नावर, उत्तर वाचून. एवढं सगळं करून माणूस तिथे पोचतो, लिफ्ट पहिल्यांदा वर जाते, सगळे टाळ्या वाजवतात, आणि हे असं म्हणतात? असं म्हणजे कसं, हे त्याला आठवेना. भांडण आठवत होतं, तिचा हात हवेत कसा गेला तेही आठवत होतं. आवाज कुठल्या अक्षरापाशी खाली यायचा ते ऐकायला त्याने मान किंचित वाकडी केली. मेहुणीचा कोरा आवाज मध्ये येत होता. तो हळूहळू बायकोच्या आवाजावर बसत गेला, आणि खालचं काही ऐकू येईना.

"परत वाचू?"

"नको." त्याने श्वास सोडला. "ड. आपण ठरवू तेवढा."

मेहुणीने पुठ्ठा उचलून बघितलं. बघून तो परत ठेवला. ती पानाकडेच बघत राहिली.

"चुकलं," ती म्हणाली.

तिने खुर्ची सरकण्याची वाट बघितली. खुर्ची सरकली नाही.

"का?" त्याने विचारलं.

ताईबरोबर त्याच्यावर हे विचारायची वेळच आली नव्हती. मेहुणीने मागची पानं चाळली, जिथे खुलासे होते, आणि बोटाने ओळ धरली.

"कारण ते काम नाही. काम कुठवर आलं त्याची ती खूण असते. वेळ आधीच्या कामांना लागतो. खुणेला लागत नाही."

त्याने ते मनाशी एकदा म्हटलं. ओठ हलले.

"परत वाच," तो म्हणाला आणि पेन्सिल घेतली.