थोरला एकतीस, धाकटा बावीस

पाऱ्याला कोंडलं होतं ती खोली मुळात घोंगड्या ठेवायची. घोंगड्या हलवल्या होत्या, वास तेवढा मागे राहिला होता. एक खाट, एक बादली, आणि छताजवळ हातभर रुंद, गजांची खिडकी. तिच्यातून आभाळाचा एक तुकडा दिसायचा. पारा सवयीने त्या तुकड्याकडे बघायचा आणि मनात म्हणायचा, ढग निम्मे, वारा पश्चिमेचा. मग स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यायचा. अरे गाढवा, ह्याच धंद्यापायी आत बसलायस ना!

आरोप साधासुधा नव्हता. शत्रूला खबर पुरवल्याचा होता. लढाईच्या दिवसांत, तेही परमुलखात, ह्या आरोपाला शिक्षा एकच असते. ती तोंडाने सांगायची गरज पहारेकऱ्यालाही वाटत नव्हती. ताट खाली ठेवताना तो पाऱ्याची नजर चुकवायचा, त्यातच काय ते आलं.

आता हा पारा म्हणजे कोणी मोठा हेर होता का? छे हो! बंदरापाशी फौजेची जी छावणी होती, तिच्या तळघरात टेलिफोनच्या तारा जोडत बसणारा माणूस. नाकासमोर चालणारा. त्याला नडलं ते त्याचं कॉलेज.

त्या कॉलेजच्या गच्चीवर लाकडी झडपांची एक पांढरी पेटी होती आणि तिच्यात तापमापक होते. भूगोलाच्या सरांचा सगळा जीव त्या पेटीत. ज्याची पाळी असेल त्या मुलाने सकाळी वर जायचं, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा आणि दिसेल तोच आकडा लिहायचा. ऊन असो, थंडी असो, पाय मोडलेला असो. "हवा तुमच्या घरी येत नाही," सर म्हणायचे, "तुम्हीच तिच्याकडे जायचं." आपल्या पाऱ्याने एकही पाळी चुकवली नाही, म्हणून पोरांनी त्याचं नावच पारा पाडलं.

कॉलेज सुटलं तरी ही पेटी सुटत नसे. सरांच्या खोलीत एक लांब फळी होती आणि तिच्यावर जुन्या विद्यार्थ्यांचे खिळे. कोणी खाणीत नोकरीला, कोणी बोटीवर. जो तो महिन्याला आपल्या ठिकाणचे रोजचे आकडे कार्डावर लिहून पाठवायचा आणि सर ते कार्ड त्याच्या खिळ्याला लावायचे. कार्ड चुकलं, तर सर छत्री घेऊन थेट त्या मुलाच्या घरी. "काय हो, आहे ना बरा?" त्यामुळे घरच्यांनाही सरांच्या कार्डाचीच काळजी जास्त.

एकदा एका मुलाने थंडीच्या दिवसांत पांघरुणात पडूनच आकडे लिहिले. सर ओरडले नाहीत. पक्कड आणली, सगळ्यांसमोर त्याचा खिळा उपटला आणि खिशात टाकला. म्हणाले, "हे आकडे घरबसले आहेत." बस्स, तेवढंच. पण "घरबसला" ही त्या कॉलेजात आईबहिणीवरच्या शिवीपेक्षा मोठी शिवी झाली. तो मुलगा पुढे भलामोठा अधिकारी झाला, बंगला झाला, मोटार झाली, तरी कॉलेजवरून जाताना म्हणे अजून खाली बघून जातो.

तर असा एक खिळा त्या फळीवर ठेवून पारा लढाईवर आला. आल्या आल्या त्याने काय करावं? पाण्याच्या टाकीमागे, सावलीत, अंगणाच्या भिंतीला कमाल-किमान दाखवणारा एक तापमापक टांगला! पहिलं कार्ड पाठवलं. पण लढाईत हवामान हे गुपित असतं. कोणत्या बंदरावर ढग आहेत, वारा कुठला आहे, हे शत्रूच्या विमानांना कळलं की संपलं. टपाल तपासणाऱ्याने कार्डावर शाई फासली. सरांचं उत्तर आलं, "तुझं कार्ड पोचलं. ते अमावास्येसारखं आहे."

कोणी शहाणा असता तर तिथेच थांबला असता. पण पाऱ्याने डोकं चालवलं, आणि आपल्या पायावर स्वतःच धोंडा पाडून घेतला. त्याने पुढच्या कार्डात लिहिलं की इथे मी दोन भावांची शिकवणी घेतो. एक तारखेला थोरल्याला एकतीस मार्क, धाकट्याला बावीस. दोघे पश्चिमेच्या खिडकीशी बसले होते. धाकटा थोडा रडला. सरांना बरोबर कळलं. दिवसाचं जास्तीत जास्त तापमान, कमीत कमी तापमान, वाऱ्याची दिशा आणि पावसाची सर. उत्तर आलं, "मुलांची प्रगती समजली. खिळ्याला लावली."

ह्यात आपण काही पाप करतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. कोणाचं काय बिघडतंय? एक म्हातारे सर, एक फळी, एक खिळा. परमुलखात, जमिनीखाली बसून, आपला एक खिळा कुठेतरी भिंतीवर आहे ह्यावर माणूस जगत होता.

तळघरात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाड्या बसायचा. जाड्या म्हणजे हसण्याचं कोठार. पारा सकाळी आकडा बघायला निघाला की म्हणायचा, "जा, भेटून ये बाईसाहेबांना. चढलाय का पारा त्यांचा?" एका सकाळी तारांवर इतकी गर्दी होती की पाऱ्याला हात काढता येईना. जाड्या उठला. "बस तू. मी बघून येतो तुझ्या बाईसाहेबांना." आणि तो वर गेला, आणि विमानं आली.

अंगणात एकच बॉम्ब पडला. एकच.

त्यानंतर पाऱ्याचे पाय त्या पायऱ्या चढेनात. जेवण तो खालीच मागवायचा, झोपायचा खालीच, खुर्चीखाली अंथरूण टाकून. पहिल्या पायरीवर पाय ठेवला की जाड्याचा आवाज यायचा, बस तू. ह्याला कुलूप नंतर लागलं. कोंडला तर तो तेव्हाच गेला होता.

आणि कार्ड? कार्ड थांबवलं तर सर छत्री घेऊन घरी जाणार आणि आईच्या काळजाचं पाणी होणार. म्हणून पाऱ्याने त्या महिन्याचं कार्ड खुर्चीत बसून लिहिलं. थोरला तीस, धाकटा एकवीस. पश्चिमेची खिडकी. पुढच्या तारखेला तेच, जरा इकडेतिकडे. लिहिताना त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की पेन खाली ठेवून तो बराच वेळ हात पुसत बसला. तो घरबसला झाला होता. सरांची उत्तरं येत राहिली, पण आता त्यांत एवढंच असायचं, "कार्ड पोचलं."

टपालखात्यातल्या एका चिकट कारकुनाने त्याच्या सगळ्या कार्डांच्या नकला ठेवल्या होत्या. त्याला सुचलं की ह्या दोन भावांना एकदा बघावं तरी. भाऊ असतील तर सापडणार ना! झालं. पाऱ्याला तळघरातून उचलला आणि डोक्यावर घोंगडी टाकून अंगण ओलांडवलं, कारण तो ओरडायला लागला होता. सगळ्यांना वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

चौकशीला चष्मेवाले साहेब होते. शांत माणूस, पेन्सिलीला टोक करत बोलणारा.

"भाऊ कुठे आहेत?"

"भाऊ नाहीत, साहेब. ते तापमान आहे. आमच्या कॉलेजात पाठवायचं असतं."

"कॉलेजात! लढाईच्या धामधुमीत कॉलेजला तापमान?" साहेबांनी पेन्सिल ठेवली. "बरं. मी विमानतळावरच्या नोंदी मागवतो."

नोंदी आल्या. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"पहिल्या महिन्यांचं जुळतंय. शाबास. पण पुढचं काहीच जुळत नाही. तिकडे धो धो पाऊस, आणि तुझा धाकटा हसतोय. म्हणजे आधी तू खरं हवामान पाठवून खात्री पटवलीस, आणि मग त्याच आकड्यांत दुसरंच काही पाठवायला लागलास. काय पाठवत होतास? जहाजं? तोफा?"

 सुटायचं तर एकच वाक्य बोलायचं होतं, की ते आकडे मी मनाने लिहिले. पण ते वाक्य जिभेवर येईना. हेर म्हणून मेलो तर कोणीतरी म्हणेल, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. घरबसला म्हणून जगलो तर सर पक्कड आणतील. वेड्यासारखा विचार, पण माणूस कोंडलेला असला की त्याला असलेच विचार सुचतात. दोन दिवस तो गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्याने त्याला घरी काही निरोप द्यायचाय का असं विचारलं, तेव्हा त्याला एकदम आई दिसली आणि तो दारावर धडका द्यायला लागला.

"साहेब, ते खोटे होते. मी वर जातच नव्हतो. खाली बसून मनाला येईल ते लिहिलं."

साहेब पहिल्यांदाच हसले. "हवेचं खोटं लिहितोस? कशाला? त्यात कोणाला काय मिळतं? अरे, थाप मारायची तर निदान पटेल अशी तरी मार."

ह्याला म्हणतात इकडे आड, तिकडे विहीर. खरं बोलावं तर थाप ठरते. जाड्याचं सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, पण चेहरा हलला नाही. शेवटी म्हणाले, "तुझ्या त्या सरांनाच विचारतो. पोलिसांनी त्यांना तपासलंय, त्यांच्यावर संशय नाही. हे आकडे खरे की खोटे, त्यांनी सांगावं. त्यांच्या उत्तरावर निकाल."

आणि मग पाऱ्याला खरा घाम फुटला. कारण सर काय सांगणार हे त्याला पाठ होतं. सर ताठ बसून लिहिणार, हा माझा सर्वांत सच्चा विद्यार्थी, ह्याचा आकडा खोटा असणं शक्य नाही. सरांनी एवढं कौतुक केलं की हा गेलाच! आयुष्यभर ज्या चांगुलपणासाठी धडपडला, तोच आता गळ्याला फास लावणार होता. घोंगड्यांच्या वासात तोंड खुपसून पारा देवाला म्हणाला, सरांना मी लबाड वाटू दे. एवढं एक कर. लगेच त्याला रडू आलं, कारण ते मागणंही त्याला सोसवेना.

उत्तर यायला महिना उलटला. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्याने त्या महिन्यात पाहिलं. वजन उतरलं, दाढी वाढली. मग एका दुपारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर ओळखीचं तिरकं अक्षर होतं.

"वाचतो," साहेब म्हणाले. "ऐक."

"महोदय, आपण पाठवलेले आकडे पाहिले. पहिल्या महिन्यांचे खरे आहेत, ते मी फळीवर लावले. नंतरचे घरबसले आहेत. त्यांतलं एकही कार्ड मी लावलेलं नाही. आपण विचाराल, इतक्या दुरून मला कसं कळलं? हवा इतकी आज्ञाधारक नसते. ती एखाद्या दिवशी उगाच रुसते, उगाच चढते. ह्याचे दोन्ही मुलगे मात्र रोज शहाण्यासारखे एकाच खिडकीशी बसतात. तेव्हा हे आकडे शत्रूच्याही उपयोगाचे नाहीत आणि माझ्याही.

"शिकवणीची युक्ती मी वेळीच थांबवायला हवी होती. थांबवली नाही, ती माझी चूक. शिक्षा असेल तर निम्मी मला द्यावी.

"आणखी एक सांगतो. हा मुलगा ताप अंगात घेऊन गच्ची चढलेला मी पाहिला आहे. तो बसून आकडे लिहितो, ह्याचा अर्थ त्याला बाहेर पडता येत नाही. काय झालं असेल, ह्याचा मी रोज विचार करतो. त्याला विचारलं नाही, कारण विचारलं तर तो लाजेने कार्डच बंद करील, अशी भीती वाटली. त्याच्या आईला मी दर महिन्याला जाऊन सांगतो की कार्ड आलं. त्यात खोटं काही नाही. त्याचा खिळा रिकामा आहे. उपटलेला नाही. हे त्याला कळवावं, ही विनंती."

पारा उभ्या जागी खाली बसला आणि लहान मूल रडतं तसा रडला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

"फासावरून सुटलास," ते म्हणाले. "पण नियम मोडलास तो मोडलासच. आकडा असलेलं पत्र पुन्हा पाठवायचं नाही. थोरला नको, धाकटा नको. आणि तळघरातलं काम बंद. बॉम्ब पडल्यापासून अंगणात ढिगारा पडलाय, तो उपसायचा. रोज. आजपासून."

साहेबांना कळत होतं की नव्हतं, देव जाणे.

दाराशी येऊन पारा थांबला. समोर अंगण. जाड्याचा आवाज आलाच, बस तू. पहारेकरी म्हणाला, "चल की बाबा." पाऱ्याने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. ढिगाऱ्याला वळसा घालून तो टाकीमागे गेला. तापमापक भिंतीला तसाच होता, धुळीने माखलेला. जाड्या इथवर पोचला होता की नव्हता, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने विचारलंही नव्हतं. त्याने बाहीने काच पुसली. "बाईसाहेब," तो म्हणाला, आणि जाड्यासाठी पहिल्यांदा मोकळेपणाने रडला. मग डोळे कोरडे केले, पाऱ्याच्या रेषेत आणले आणि आकडा वाचला. तो त्याने कोणालाही सांगितला नाही.

संध्याकाळी त्याने कार्ड लिहिलं. टपाल तपासणाऱ्या कारकुनाने ते उलटंपालटं करून पाहिलं, उजेडाला धरलं, शाईची बाटली जवळ ओढली आणि पुन्हा दूर सारली. त्यात फासण्यासारखं काहीच नव्हतं. एकच ओळ होती.

"सर, आज बाहेर जाऊन आलो."